खड्डा कोण उपसणार?

दोस्तांनो, आज संडासावर लिहितोय. ज्यांना नाकाला रुमाल लावायचाय त्यांनी खुशाल लावावा आणि पान उलटावं. आपल्या पानांवर क्रांतीवर लिहून झालं, कवितेवर भांडून झालं, पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर तर शाई आटली. आज हागण्यावर. कारण माणूस कुठं बसतो आणि त्याचं मागाहून कोण उचलतो, एवढ्यावर या देशात माणसाची किंमत ठरत आलीय.

माझा बाप नगरपालिकेत सफाईला होता. कुठल्या शहरात ते सांगत नाही. कुठलंही धरा, फरक पडत नाही. गटारात उतरून आला की आय दाराबाहेर बादली ठेवायची. आधी अंघोळ, मग चहा. वास मात्र जायचा नाही. आमची वस्ती दोनशे-सव्वादोनशे खोल्यांची आणि सगळ्यांना मिळून दहा खोप्यांचा एक सरकारी संडास. त्यातल्या चारांना दारं नाहीत, दोन कायमचे तुंबलेले. पहाटे पाचला डबा घेऊन रांग. आया-बहिणी अंधारात रुळाकडे जायच्या. सबंध शहराची घाण काढणाऱ्या माणसाच्या घरात संडास नव्हता. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्या रांगेत उभं राहून मी दहावी झालोय.

तेव्हा संडासाचं मोल मला कुणी शिकवू नये. आणि म्हणूनच आदिवासींच्या वाड्या-पाड्यांवर सरकारनं जे डबे उभे केलेत ते बघून गप्प बसवत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर करून टाकलं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरवाडीवर गेलो. आमच्यातला एक गवंडी. त्याच्या साईटवर विटा उतरवायला येणाऱ्या एका कातकरी जोडप्याशी त्याची ओळख होती. वाडीवर संडास बांधलेत पण वापरात नाहीत, एवढं त्यांच्याकडून कळलं होतं. आम्ही निघालो छाती काढून. पिशवीत साबण, काखेत चित्रांचे तक्ते. सुधारणा करायला!

वाडी तीसेक घरांची. कुडाच्या भिंती, वर कौलं नाहीतर प्लॅस्टिक. घरामागं सिमेंटचा एकेक डबा, त्याला पत्र्याचं दार, दारावर घोषणा. एक दार उघडलं, आत सरपण. दुसऱ्यात मासे धरायची जाळी. तिसऱ्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. चौथ्याला दारच नव्हतं. ते काढून घराला लावलेलं.

मी भाषण सुरू केलं. जंत, जुलाब, पोरांची खुंटलेली वाढ, बायांना रात्रीचा विंचूकाट्याचा धोका. बोललो ते सगळं खरंच होतं. पण बोलता बोलता मलाच जाणवलं, हा आवाज आपण पूर्वी ऐकलाय. आमच्या वस्तीत येऊन 'तुम्ही लोक इतके घाण का राहता' असं विचारणाऱ्या साहेबाचा हा आवाज. च्यायला, एका पिढीत साहेब झालो की काय आपण!

एक बाई डोक्यावर हंडा घेऊन ऐकत उभी होती. म्हणाली, "दादा, विहीर त्या खालच्या अंगाला हाय. प्यायाला दोन हंडे आनते. या संडासाला तिसरा कोन आनील? तुमी?"

पाचही जण गप्प.

आता हिशेब ऐका. खेड्यासाठी खास उताराचं भांडं असतं. त्याचा उतार तीव्र, आणि वास अडवणारं पाणी जेमतेम दोन सेंटिमीटर. दीड-दोन लिटर ओतलं की साफ. घरात सहा माणसं असली तर धुण्यासकट दिवसाचे दोन हंडे लागतील. हे झालं योग्य भांड्याचं. वाडीवर ठेकेदारानं बसवलेली भांडी होती शहरी चाळीतली, सपाट. बादलीभर ओतल्याशिवाय काही हलत नाही. म्हणजे पाच-सहा हंडे. हे पाणी कुठल्या योजनेच्या डोक्यावर नसतं, त्या बाईच्या डोक्यावर असतं. कागदावर तिची अब्रू वाचवायला संडास बांधला आणि प्रत्यक्षात तिच्या मानेवर चार हंडे वाढवून ठेवले. तिनं सरपण भरलं यात तिचं काय चुकलं? सरपण तरी कोरडं राहतं.

मग आमच्या गवंड्यानं मागची फरशी उचकटली. खाली एकच खड्डा. सिमेंटची तीन कडी एकावर एक रचलेली आणि तळाला कोबा. पाणी झिरपायला जागाच नाही. शेजारच्या डब्याची तर आणखी मजा. पाईप निघालेला आणि दोन फुटांवर मातीत संपलेला. खड्डाच नाही! पण फोटो निघाला होता, कागद रंगला होता, कुटुंबामागे १२,००० रुपये सुटले होते. योजनेत ही रक्कम 'प्रोत्साहन' म्हणून आहे. म्हणजे आधी पदरचं घालून बांधा, मग मिळेल. ज्याच्याकडे उद्याच्या तांदळाची खात्री नाही तो पदरचं काय घालणार? म्हणून ठेकेदार येतो, सगळ्या वाडीच्या सह्या-अंगठे घेतो आणि तीस डबे एका साच्यातून काढतो. माणसाला विचारत नाही, जमिनीला विचारत नाही, पावसाला तर नाहीच नाही.

हे सगळं आम्ही रागारागानं मोजत होतो, तेवढ्यात एक म्हातारा जवळ येऊन बसला. सकाळी त्यानं आमची आडनावं विचारून घेतली होती. आडनावावरून जात काढायची विद्या या देशात शाळेत न जाताही येते. म्हातारा शांतपणे म्हणाला, "हे समदं ठीक हाय. पन भरल्यावर कोन उपसनार? तुमचीच मानसं येतील ना?"

आमच्यातल्या एकानं हातातली पहार फेकून दिली. म्हणाला, चला, निघू. यांच्यासाठी आलो आणि हे आपल्यालाच...

रात्री शाळेच्या ओट्यावर पडलो होतो. कुणालाच झोप येईना. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितलं ते आपण भाषणात शंभरदा घोकलं असेल. इथं ते समोर येऊन बसलं होतं, लंगोटी लावून. कातकरी म्हणजे कोण? खैराच्या झाडापासून काथ करणारे ते कातकरी. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी जंगल बंद केलं आणि त्यांचा धंदा गेला. कोळसा पाडणं, वेठ, सावकार, शेवटी वीटभट्टी. आज सरकारी यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन 'विशेष असुरक्षित' जमाती. ज्याच्या खाली आता कुणी उरलेलं नाही असं आपल्याला वाटतं त्या माणसालाही व्यवस्थेनं एक पायरी खाली दाखवून ठेवलीय. तुझ्यापेक्षा खाली तो आहे बघ, तो तुझा खड्डा उपसेल. रागवायचं कुणावर? म्हाताऱ्यावर?

आणि पहाटेच्या सुमाराला माझ्या डोक्यात दुसरंच आलं. म्हाताऱ्यानं आमचा अपमान केला हे खरं. पण त्यानं विचारलेला प्रश्न या सबंध योजनेतला सगळ्यात शहाणा प्रश्न होता. कोटींनी संडास बांधले गेले. खड्डे भरणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. भरल्यावर कोण उपसणार, हे किती ठिकाणी विचारलं गेलं? कुणाला विचारायची गरज वाटली नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ आहे. येतील की ते लोक. ते लोक म्हणजे आपण.

दोस्तांनो, म्हणून म्हणतो, दूर डोंगरातल्या कातकऱ्याचा संडास नीट बांधला जातो की नाही हा आपला प्रश्न आहे. दया म्हणून नाही. तो खड्डा चुकीचा खणला गेला तर दहा वर्षांनी त्यात आपल्यातलाच कुणीतरी उतरणार आहे.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते दिल्लीच्याच कागदांवर लिहिलेलं आहे: दोन खड्ड्यांचा संडास. दोन उथळ खड्डे, मीटर-सव्वामीटर खोल, एकमेकांपासून तितक्याच अंतरावर. आत विटांचं जाळीदार बांधकाम, तळ मातीचाच. मध्ये चेंबर आणि त्यातून फुटणाऱ्या दोन वाटा. एक वाट विटेनं बंद, दुसरी चालू. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो. भरला की वाट बदलायची, घाण दुसऱ्या खड्ड्यात. पहिला झाकून दोन वर्षं विसरून जायचा. पाणी मातीत झिरपतं, वायू मातीत विरतो. जंतांची अंडी सगळ्यात चिवट असतात, तीही एवढ्या काळात मरतात. उरतं ते काळं, कोरडं, बिनवासाचं खत. ते काढायला ना कुठली जात लागते ना कुठला मंत्र. घरच्या माणसानं फावडं घ्यावं आणि परसात टाकावं.

यात यंत्र नाही, वीज नाही, परदेशी तंत्र नाही. पण माझ्या मते जातीच्या छातीवर घाव घालणारी याच्याइतकी साधी वस्तू क्वचित असेल. दोन खड्डे आणि एक वीट! मैला वाहणाऱ्या माणसाची गरजच संपवणारी. मग हे होत का नाही? कारण हे बांधायला एक गोष्ट कबूल करावी लागते. खड्डा घरच्या माणसानं स्वतः रिकामा करायचा. आणि इथंच गाडी अडते. डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांचं २०१७ सालचं पुस्तक आहे. उत्तरेकडच्या खेड्यांत फिरून त्यांनी दाखवलं की लोक लहान, स्वस्त खड्डे नाकारतात, कारण लहान खड्डा लवकर भरेल आणि मग उपसायचा कुणी ही धास्ती. बांधायचाच तर खोलीएवढी टाकी बांधतील, पोराच्या लग्नापर्यंत भरणार नाही अशी. रोग शरीराचा नाही, मनुस्मृतीचा आहे.

सरकारलाही हे कळतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या एका गावात दिल्लीचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हातानं खत बाहेर काढलं. फोटो छापून आले, वाहवा झाली. त्या माणसाच्या हेतूवर मी शंका घेत नाही, केलं ते चांगलंच केलं. पण एक साहेब वाळलेलं, बिनवासाचं खत एकदा उचलतो तेव्हा बातमी होते. माझ्या बापानं ओला मैला तीस वर्षं उचलला तेव्हा ती ड्युटी होती. त्याचा फोटो निघाला तो एकदाच, निवृत्तीच्या अर्जाला लावायला.

गाव जरा सुधारलं की काय करतं? 'सेफ्टी टँक' बांधतं. नाव बघा, सेफ्टी! कुणाची सेफ्टी? टाकीला बाहेर पडायची वाट नसते, शोषखड्डा नसतो. आत वायू साठतो. मग एक दिवस गाडी मागवतात, गाडी परवडत नसेल तर माणूस मागवतात. आमच्या गल्लीतला एक जण असाच एका सोसायटीच्या टाकीत उतरला. टाकी दोन पुरुष खोल नव्हती. उतरला आणि बसला तो उठलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही राहिला. वरती लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. हातानं मैला काढायला लावण्यावर १९९३ साली बंदीचा कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारात आणि टाक्यांत ३७७ माणसं मेली असं सरकारनंच संसदेत सांगितलंय. गटार-टाक्या साफ करणाऱ्या ज्या ३८ हजार कामगारांची सरकारनं नोंद केली आणि जी २०२४ साली बाहेर आली, त्यांत शंभरातले ६९ अनुसूचित जातींचे. आणि नीट वाचा, शंभरातले आठ अनुसूचित जमातींचे. म्हाताऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. टाकीच्या काठावर आता त्याचाही नातू उभा आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे पाणी आणि स्वच्छतेच्या हक्कांचे प्रतिवेदक लिओ हेलर इथं फिरून गेले. त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. संडासासाठी लोकांवर जबरदस्ती होतेय, आणि या मोहिमेतून नकळत मैला वाहण्याचं काम वाढू शकतं. सरकारनं ते धुडकावून लावलं. पाहुण्यानं घरातली घाण दाखवली की यजमानाला राग येतोच.

जबरदस्तीचं तर विचारू नका. आपल्याकडं गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे शिट्ट्या मारायच्या, टमरेल घेऊन बसलेल्या माणसाला गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा. ज्यानं संडास दिला नाही तोच लाज द्यायला आला. आणि लाज देण्याची परवानगी एकदा वरून मिळाली की काठी फार लांब नसते. २५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात दोन दलित लेकरं उघड्यावर बसली म्हणून काठ्यांनी मारून टाकली गेली. त्यांच्या घरी संडास नव्हता. गाव कागदावर हागणदारीमुक्त झालेलं होतं. बरोबर सात दिवसांनी, २ ऑक्टोबरला साबरमतीच्या काठावरून सगळा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्याच सुमाराला, २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत खेड्यातली शंभरातली २६ घरं उघड्यावर जात होती. कुणाचं खरं धरायचं? आकड्यांना पोट नसतं, ते आवळून बसू शकतात. माणसाला जावं लागतं.

आणि ती २६ घरं कुणाची असतील? २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४७ टक्के घरांत संडास होता. अनुसूचित जातींच्या ३४ टक्के घरांत. अनुसूचित जमातींच्या जेमतेम २३ टक्के घरांत. रांगेत आपण मागं, आदिवासी आपल्याही मागं.

आपल्यातलेच काही विचारतील, हे संडास-बिंडास संस्थावाल्यांचं काम, आपण कशाला यात? आधी क्रांती, मग संडास. त्यांना माझं सांगणं, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी काय केलं? तळ्याचं पाणी प्यालं. पाणी! कुणी तेव्हाही म्हणालं असेल, पाण्यासाठी एवढं कशाला. चवदार तळं याच जिल्ह्यात आहे, तेव्हाच्या कुलाब्यात. तिथून फार लांब नसलेल्या वाडीवर आज बाई तिसऱ्या हंड्याचा सवाल करते, तो त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे. आणि १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात आदिवासीला धरलंय, भूमिहीनाला धरलंय, बाईला धरलंय. जाहीरनामा भिंतीवर टांगायला नव्हता.

दुसऱ्या टोकाला आमचे शहरी निसर्गप्रेमी. आदिवासी उघड्यावरच मोकळा असतो, त्याच्या संस्कृतीत कशाला ढवळाढवळ? अरे, मोकळं असायला मोकळी जागा लागते. जंगल खात्याचं, माळ मालकाचा, ओढ्याकाठी फार्महाऊस, फार्महाऊसला कुंपण, कुंपणाला कुत्रा. बाई बसणार कुठं? त्या हंडेवालीनंच नंतर सांगितलं. पावसाळ्यात रात्री पोट बिघडलं तर सकाळपर्यंत दाबून धरायचं, म्हणून संध्याकाळीच कमी जेवायचं. उपाशी राहून जपलेल्या या संस्कृतीचे गोडवे तुमच्या दिवाणखान्यात गा.

संडास हवाच. पण तो कशाकशाला बांधलेला आहे ते बघा.

जमिनीला. वाडी तीन पिढ्या तिथं आहे, पण जागा मालकाची. सातबारावर कातकऱ्याचं नाव नाही. आम्ही दुसरा खड्डा खणायला घेतला तर मालकाचा माणूस आला. म्हणाला, झोपडं ठीक आहे, खड्डा नको, उद्या हक्क सांगाल. बघा, मालकाला अर्थशास्त्र बरोबर कळतं. झोपडं उचलता येतं, खड्डा उचलता येत नाही. खड्डा खणला म्हणजे माणूस इथला झाला. २००६ चा वनहक्क कायदा आहे, पण तो वनजमिनीपुरता. खाजगी मालकीच्या जागेवरच्या वाडीनं घराखालची जमीन कुणाकडे मागायची? घरठाण नावावर नसताना संडास देणं म्हणजे पाय नसलेल्याला चप्पल देणं.

पोटाला. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत. सहा महिने संडास वाडीवर, माणसं भट्टीवर. भट्टीवर संडास नाही, तिथं कुठलं पथक शिट्टी मारायला जात नाही, कारण तिथं लाज द्यायची तर भट्टीमालकाला द्यावी लागेल. ज्या विटांनी या राज्याचे संडास बांधले त्या विटा थापणारी बाई वर्षातले सहा महिने उघड्यावर बसते. आणखी काय सांगू?

पावसाला. कोकणात पाऊस कोसळतो, जमिनीतलं पाणी वर येतं. तिथं खोल खड्डा म्हणजे विहिरीत विष. खड्डा उथळ हवा, जोतं उंच हवं, भोवती मातीचा भराव हवा, विहिरीपासून अंतर हवं. हे गवंड्याला कळतं, साच्याला कळत नाही. देहूला साठच्या दशकात डॉ. मापुसकरांनी बांधवलेले पहिले संडास पावसात ढासळले होते. त्या माणसानं लोकांना अडाणी म्हटलं नाही. आप्पासाहेब पटवर्धनांच्या गोपुरी संडासापासून तो शिकला, पुन्हा बांधायला लागला आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिला. पाच वर्षांत निकाल दाखवायचा नसला की माणूस शिकू शकतो.

आता वाडीवर पुढं काय झालं ते सांगतो, फुगवून सांगत नाही. मालकाशी भांडण झालं, गावातल्या दोन शहाण्यांनी मध्यस्थी केली, तीस घरांपैकी फक्त चार घरांचे खड्डे आम्हाला दुरुस्त करता आले. भांडी बदलली, दुसरा खड्डा खणला, चेंबर बसवलं. विटा विकत घेतल्या, जाळीचं बांधकाम मात्र वाडीतल्या दोन पोरांनी शिकून केलं. म्हाताऱ्याचं घर त्या चारांत. त्याच्या सुनेनं हट्ट धरला म्हणून.

सहा महिने भट्टीवर, म्हणून खड्डा तीन वर्षांत भरला नाही. २०२२ च्या दिवाळीत भरला, वाट बदलली. २०२४ च्या दिवाळीत आम्ही परत गेलो. पहार फेकून दिलेला दोस्तही होता. म्हणाला, उघडायचा तर मी उघडणार.

झाकण सरकवलं. सगळे दोन पावलं मागं सरलो. मी तर जन्मभर त्या वासात वाढलेलो, तरी मागं सरलो. वास आलाच नाही. काळी भुसभुशीत माती. सून घमेलं घेऊन आली, फावड्यानं तिनंच भरलं आणि वांग्यांच्या वाफ्यात नेऊन टाकलं. दुसरं घमेलं माझ्या दोस्तानं. म्हातारा लांब उंबऱ्यावर बसून बघत होता. त्यानं हात लावला नाही. शेवटपर्यंत नाही. बऱ्याच वेळानं एवढंच बोलला, "वास न्हाय."

मला तेवढं पुरलं. हृदयपरिवर्तन वगैरे झालं असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यातली पायरी अजून जागेवर असेल. पण खड्डा रिकामा झाला आणि त्यासाठी कुणाच्या जातीला हाक मारावी लागली नाही. डोकं बदलायची वाट बघत बसलो असतो तर आणखी दोन हजार वर्षं लागली असती. खड्डा आधी बदलला.

घरी येऊन बापाला सांगितलं. आता थकलाय, खोकतो. ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई काढत होती? हातानं?" म्हटलं, फावड्यानं. वास नव्हता. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही असं होतं म्हणून."

सांगितलं नाही कुणी. मैला वाहण्याला सेवा म्हणून ओवाळणारे पुष्कळ होते. बाबासाहेबांना त्या ओवाळणीचा तिटकारा होता तो याचसाठी. कामाचं कौतुक नको, ते काम संपवा.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्या आपण रस्त्यावर घेऊन जायला हव्यात. खड्डा एक असेल तर बिल निघता कामा नये. दुसरा खड्डा दाखवा, मग पैसे. संडासाआधी पाणी, नळाचा फोटो नव्हे, पाणी. घराखालची जमीन नावावर. वीटभट्टीवर संडास नसेल तर भट्टीला परवाना नाही. पैसे आधी आणि वाडीच्या हातात, बांधकाम वाडीतल्या पोरांकडून, मजुरी देऊन. आणि जिथं टाकी बांधलीच आहे तिथं माणूस उतरवणाऱ्याला तुरुंग. कायदा आहे, वापरा.

आणि तुम्ही, हे वाचणारे. कॉलेजात, झोपडपट्टीत, चाळीत, आता काही जण फ्लॅटमध्येही. आपल्या बिल्डिंगची टाकी कुठं आहे, कोण उपसतं, कसा उतरतो, एकदा खाली जाऊन बघा. मग वाडीवर चला. साबण आणि तक्ते घरी ठेवा. पहार, ओळंबा आणि एक गवंडी घेऊन चला. तिथं कुणी तुम्हाला विचारेल, तुमचीच माणसं येतील ना उपसायला? पहार फेकू नका. उत्तर द्या: नाही येणार. कुणाचीच येणार नाहीत. आणि दुसरा खड्डा खणायला घ्या.

जय भीम!